एक खोली जास्तीची

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पन्नाशीला टेकलेल्या बाईला सगळं घर अजून 'बेबी' म्हणतं, तेव्हा निदान वहिनीने तरी मानाने हाक मारावी, म्हणून हे 'वन्सं'. फोन सोडून पत्र का, म्हणाल. फोन हॉलमध्ये आहे आणि बाबांची कॉटही हॉलमध्येच आहे. बाबांबद्दल बाबांच्या उशाशी उभं राहून कुजबुजायला लागलं, की तेच म्हणतात, "मोठ्याने बोल, बेबीला ऐकू जात नसेल."

तर ऐका. आमच्या ठमीच्या दहाव्या वाढदिवसाला बाबा तिच्यासाठी बाहुलीघर करताहेत, हे तुम्हाला माहीत आहे. साधंसुधं नाही, आपल्याच घराची हुबेहूब प्रतिकृती. एका फुटाला एक इंच. ज्या माणसाने चाळीस वर्षं फाउंड्रीत लोखंडाचे भाग ओतायचे लाकडी नमुने घडवले, त्याला हे म्हणजे डाव्या हाताचं काम. दुपारी कॉटवर फळी टाकून जोडकाम चालतं. ठमीची शाळेची सायकल त्यात तळहाताएवढी झाली आहे. दारामागचा खिळासुद्धा सोडलेला नाही, ज्याला तुमचे दादा गेली बारा वर्षं 'बघू' म्हणताहेत.

पण परवा पाहिलं तर स्वयंपाकघराच्या मागे एक खोली आली आहे.

आपल्या स्वयंपाकघराच्या मागे पाण्याचा पाइप आहे आणि पाइपाच्या मागे शेजाऱ्यांची भिंत. तिथे मांजरसुद्धा अंग चोरून जातं. "बाबा, ही कुठली खोली?" म्हटलं, तर म्हणाले, "आहे एक."

मला चैन पडेना. ते आंघोळीला गेले तशी मी मापाची टेप काढली. दहा फुटांचं स्वयंपाकघर दहा इंच भरायला हवं, तर ते दहा इंच आणि वर जवळजवळ एक सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला याच घरात येऊन कळलं.) सगळ्या भिंती अशाच, थोड्याथोड्या वाढलेल्या. एका सुताचं काय एवढं, असं तुम्ही म्हणणार नाही. अर्ध्या सुतासाठी कपाट परत पाठवणारा माणूस आहे हा.

त्यात भर म्हणजे रोज नऊला 'पेटीत पत्र टाकून येतो' म्हणून निघतात ते साडेबाराला उगवतात. पेटी कोपऱ्यावर आहे. पत्र नसलं तरी जातात.

तुम्ही दिवाळीत आमच्या हॉलमध्ये बसून 'बाबांना माझ्याकडे पाठवा' म्हणालात तेव्हा मी फणकारले होते. आता वाटतं, तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र टाकायला बाबांकडेच देते आहे. दुसरं जातंय कोण?


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि हातातली सुई तशीच राहिली. जी खोली नाही ती दिसायला लागली, म्हणजे झालं की गं! आमच्या समोरच्या बंगल्यातल्या आजोबांना असाच एक जिना दिसायचा.

आता माझं ऐक. इथली आतली खोली मी कधीच रिकामी केली आहे. फिकट पिवळा रंग दिला, आपल्या हाताने. उशांची चार कव्हरं विणून झाली, पलंगपोस अर्ध्यावर आला आहे. एका माणसाला चार उशा कशाला, असं विचारू नकोस, हात चालू होता. इथे माणसांची सारखी ये-जा असते, बाबांचं मन रमेल. तुझ्या घरात तुला केकच्या ऑर्डरींपायी ओव्हनपुढून मान वर काढायला फुरसत नाही. हा टोमणा नाही, काळजी आहे.

सोबत मासिकातलं एक कात्रण पाठवते आहे. एका डॉक्टरने वृद्धांच्या स्मरणशक्तीसाठी प्रश्न दिले आहेत. सहज म्हणून विचार. सहज हं! तू प्रश्न विचारायला लागलीस की माणसाला पोलिसठाण्यात आल्यासारखं होतं.

आणि त्या खोलीवर नजर ठेव. तिच्यात काय काय येतं, सगळं कळव.

तुझी,
बेबी


१८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

परीक्षा घेतली. निकाल कळवते.

"बाबा, आज वार कोणता?"

"का, कॅलेंडर पडलं?"

"तसं नाही. शंभरातून सात वजा करत जा बघू."

"कुठपर्यंत?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

मी थांबा म्हणायच्या आत ते दोनावर पोचलेसुद्धा. म्हणाले, "उरले दोन. आता तू सात-सात मिळवत वर ये." मी चव्वेचाळीसला अडकले. ठमीने शेवटी हात देऊन बाहेर काढलं.

मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, चमचा, गाय, टोपी. कात्रणात लिहिल्याप्रमाणे अर्धा तास बरोबर घड्याळ लावून बसले आणि विचारलं. ते म्हणाले, "चमचा, गाय, टोपी. आणि तुझ्या ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय."

जळत होता तो दुमजली केक, संध्याकाळी एका साखरपुड्याला जायचा होता. वरचा मजला कोळसा, खालचा मजला वीट. आता सांगा, स्मरणशक्ती कुणाची तपासायला हवी?

पण खोलीचं ऐकाल तर तुम्हीही काहीतरी जाळून घ्याल. तिच्यात आधी एक उतरतं टेबल आलं. मग भिंतीला आडवी काठी, कपडे टांगायला. मग आलं शिवणयंत्र. वन्सं, अंगठ्याएवढं! चाक फिरवलं की सुई वरखाली होते. चाक म्हणजे दादांच्या जुन्या कोटाचं बटण. खिडकीला इवलासा पडदा, त्याला काठ दुमडून टीप घातलेली. ती टीप काही बाबांच्या हातची नव्हे. मी टीप ओळखते.

आणि दोन स्टुलं. एक उंच, एक बुटकं.

तुमच्या दादांना म्हटलं, "शिवणयंत्र आपल्याकडे कधी होतं का हो?" म्हणाले, "नसेल." "मग हे आलं कुठून?" तर म्हणाले, "बघू."

पत्रपेटीच्या पुढे चार दुकानं सोडून एक शिवणकामवाली बाई बसते. एकटीच आहे. पंचावन्न-साठची असेल, नीटनेटकी. मी फक्त माहिती देते आहे. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांतली मी नव्हे.

तुमची,
वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

गाठलास की स्वर्ग! आणि मलाही ओढून नेलंस.

आपल्या आईने जन्मात बटण लावलं नाही. बटण तुटलं की ती शर्ट बाजूला ठेवायची आणि चार दिवसांनी बाबाच दोरा ओवून बसायचे. आणि आता बाबांना शिवणयंत्र सुचतंय? दोन स्टुलं? वयाच्या शहात्तराव्या वर्षी? डोकं ठिकाणावर नसेल तर पंचाईत, आणि असेल तर त्याहून मोठी. लोक काय म्हणतील हे मी म्हणत नाही, मीच काय म्हणू ते मला कळत नाही.

मी ठरवलं आहे. सात मार्चला येते आणि आठला त्यांना घेऊन जाते. दोन तिकिटं काढली आहेत. त्यांना आधी सांगू नकोस. तू फक्त बॅग भरून ठेव, गरम कपडे खाली, औषधं वर. 'चार दिवस हवापालट' म्हणू. एकदा इथे आले की राहतील. माझा पलंगपोस पुरा झाला आहे.

दादाशी बोलायची गरज नाही. तो 'बघू' म्हणेपर्यंत मी त्यांना इथे जेवायला वाढलेलं असेल.

बेबी


१ मार्च

प्रिय वन्सं,

बॅग भरली होती. काल परत रिकामी केली. का, ते सविस्तर लिहिते. पत्र पूर्ण वाचल्याशिवाय फोनकडे धावायचं नाही.

बुधवारी बाबा नऊला निघाले. त्यांच्यामागे पन्नास पावलांवर मी, डोक्यावरून ओढणी, हातात रिकामी पिशवी. अशी वेषांतरं करणाऱ्या बायकांना मी आजवर हसत आले आहे. त्यांनी दादांच्या विम्याचं पाकीट पेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि सरळ पुढे गेले. पाचवं दुकान. शिवणकामवालीने मान वर न करता मागचा पडदा बाजूला केला आणि बाबा आत गेले, जसे तुमचे दादा ऑफिसात जातात. नाही, दादा इतक्या उत्साहाने जात नाहीत.

मी दारात उभी. बाई म्हणाली, "तुम्ही केकवाल्या ना? या. आडोशाला उभं राहून पाय दुखले असतील."

म्हटलं, "मी सहज..."

"हो, गेल्या गुरुवारीही सहजच होतात. समोरच्या भांड्यांच्या दुकानात तासभर एकच कढई पाहत होतात. दुकानदाराला वाटलं, घेताय."

वन्सं, गुरुवारचं मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. आता कळलंच आहे तर असू द्या.

मागे खोली आहे. खिडकीशी उतरतं टेबल, भिंतीला आडवी काठी, त्यावर लोकांचे कपडे. काठ दुमडलेला पडदा. एक उंच स्टूल, एक बुटकं. आणि दुसऱ्या भिंतीला लावलेलं बाबांचं कामाचं टेबल, लाकूड आवळून धरायच्या शेगड्यासकट, करवतींसकट. खाली लाकडाचा भुसा, त्यातून मार्ग काढत दोऱ्याचं रीळ घरंगळलेलं. बाबा आपल्या घराचं छप्पर घासत होते. मला पाहून म्हणाले, "आलीस का. ते दार ओढून घे, भुसा बाईंच्या कपड्यांवर जातो."

मग बाईनेच सांगितलं. गेल्या वर्षी बाबा तिच्या यंत्राचं पायडल बसवून द्यायला म्हणून आले. काम झालं तरी उठेनात. हिने विचारलं, घरी काही काम नाही का? तर म्हणाले, "काम आहे, टेबल नाही." ती म्हणाली, "मागे जागा आहे, आणा टेबल. माझी फक्त एक अट, बोलायचं नाही. मी टाके मोजते."

"मग बोलत नाही तुम्ही दोघं?" मी विचारलं.

"बारा वाजता चहाला बोलतो. त्यात भांडण झालं की साडेबारा होतात."

आता मी तुमच्यापासून लपवलेली गोष्ट. मागच्या वर्षी मोठा ओव्हन आला तेव्हा हॉलमागच्या खोलीतलं बाबांचं टेबल मीच हलवायला लावलं आणि त्यांची कॉट हॉलमध्ये काढली. विचारलं होतं हो मी. 'बाबा, चालेल ना?' असं, एका हातात भिंतीचं माप आणि दुसऱ्या हातात ओव्हनची पावती घेऊन. ते म्हणाले, "हरकत नाही." टेबल कुठे गेलं, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. बाहुलीघराचे तुकडे इतके सफाईने कापून कुठून येतात, हेही नाही. हॉलमध्ये करवत चालली असती तर भुसा माझ्या क्रीमवर पडला असता आणि मी आकाशपाताळ एक केलं असतं. भुसा पडत नव्हता म्हणून मी सुखात होते.

आणि खोली का जोडली म्हणाल, तर तेही बाईंकडूनच कळलं. घराच्या चारी भिंती उभ्या राहिल्यावर ठमीने विचारलं, "आजोबा, यात तुमची खोली कुठली?" त्यानंतर दोन दिवस बारा वाजता चहा झाला, पण भांडण झालं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा बाईंच्या खोलीची मापं घ्यायला लागले.

मी टेप काढली. काय करू, सवय! खोली आठ फूट बाय सात. बाहुलीघरातली आठ इंच बाय सात, वर तेच थोडं थोडं. म्हटलं, "बाबा, हे वरचं काय?" त्यांनी पट्टी दाखवली. पितळी, काळवंडलेली, फाउंड्रीतली. लोखंड निवलं की आकसतं, म्हणून नमुना आधीच थोडा मोठा घडवावा लागतो. त्यासाठी त्यांच्या पट्टीवरचे इंचच मुळात थोडे लांब असतात. चाळीस वर्षं हीच वापरली, दुसरी त्यांच्याकडे नाही. "सगळंच सारखं वाढलंय ना? मग चुकलं कुठे?" म्हणाले. मी टेप गुंडाळली. मी टेप गुंडाळल्याची तारीख बाई म्हणे लिहून ठेवणार आहे.

तेव्हा वन्सं, बाबांचं डोकं ठणठणीत आहे. त्यांना न्यायला येऊ नका. त्यांच्या खोलीचं मी बघते. ('बघू' नव्हे, 'बघते'.)

तुमची,
वहिनी


५ मार्च

वहिनी,

ठीक आहे. तिकिटं परत केली.

बेबी


२१ मार्च

बेबी,

मायना घालायचा तर तू मोठी झाली आहेस आणि न घालावा तर पत्र उघडंबोडकं दिसतं. तेव्हा आशीर्वाद कुठेतरी मध्ये येतील, शोधून घे.

तुझ्या वहिनीने मला सगळं सांगितलं. थोडं रडली, थोडं मलाच रागावली. मी वेडा झालो आहे असं तुमचं ठरत होतं आणि त्याचा पत्रव्यवहार मी स्वतः पेटीत नेऊन टाकत होतो. पाकिटं मी उघडली नाहीत. पण हातात घेतल्यावर जडपणा कळतोच. खुशालीची पत्रं इतकी जड नसतात. तिकडून येणारीही जाडजूड होती. पोस्टमन म्हणायचा, "काका, लेकीचं वजनदार आलंय." मग पाच मार्चनंतर एकदम पातळ आलं, आणि त्यानंतर आलंच नाही. त्या पातळ पाकिटामुळे हे लिहायला बसलो.

टेबल परत हॉलमागच्या खोलीत आणू, ओव्हन बाहेर काढू, असं सूनबाई म्हणते. मी नको म्हटलं. मला बाईंकडे बरं वाटतं. ती माझ्या कामाला नावं ठेवते, घरात सगळे 'छान' म्हणतात. पण कॉट आत घेतली. ओव्हनच्या शेजारी उबेला बरी आहे. पहाटे ब्रेडच्या वासाने जाग येते. तुझ्या दादाने दारामागचा तो खिळा काढला. कुणी न सांगता. मला आता माझ्या लाकडी घरातलाही काढावा लागणार.

आता तुझं. माझ्या डोक्यासाठी मला नेणार होतीस, तर डोकं चांगलं आहे, विषय संपला. दुसऱ्या कशासाठी नेणार होतीस, तर तसं लिही. तू लहानपणी पेन्सिल हरवली की मला म्हणायचीस, "बाबा, तुमची पेन्सिल सापडत नाही का, मी शोधू?"

बाबा


३० मार्च

बाबा,

पाच दिवस पत्र टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरत होते.

वहिनीला लिहिलं होतं, इथे माणसांची सारखी ये-जा असते. ये-जा दूधवाल्याची आहे. आणि एक बाई चुकून आमची बेल वाजवते, तिला वरच्या मजल्यावर जायचं असतं. मी तिला दोनदा चहा पाजला. तिसऱ्यांदा ती नीट घराचा नंबर वाचून वर गेली.

ह्यांची बदली ऑगस्टमध्येच झाली. शनिवारी येतात, रविवारी झोपतात, सोमवारी जातात. लेकीचं तुम्हाला माहीत आहे, तिचा फोन येतो, "आई, पटकन बोल." पटकन काय बोलायचं, बाबा? पटकन बोलण्यासारखं माझ्याकडे काही नसतं. मग मी म्हणते, पलंगपोस होत आला. तिला वाटतं आई मजेत आहे. ऑगस्टपासून नऊ पलंगपोस झाले. घरात पलंग तीन आहेत.

वहिनीचं पत्र आलं, की तुम्हाला नसलेलं दिसतंय, तेव्हा मी घाबरले हे खरं. पण खोलीला रंग मी ते पत्र यायच्या आधी दोन महिने दिला होता. काळजी वाटते म्हटलं की माणूस मोठं दिसतं. करमत नाही म्हटलं की पन्नाशीची बाई नुसती बेबी उरते. म्हणून तुमचं डोकं बिघडावं अशी माझी, देवा शप्पथ, इच्छा नव्हती, पण बिघडलंय असं कळल्यावर मी ज्या घाईने तिकिटं काढली, ती घाई मला आता आठवते आणि कसंतरीच होतं. तुम्ही ठीक आहात हे वाचून मुलीला आनंद व्हायला हवा. मी एका ओळीचं पत्र लिहिलं. तुम्ही त्या पाकिटाचंही वजन केलंत.

कायमचे या, असं म्हणत नाही. तिथे तुमचं काम आहे, भांडायला माणूस आहे. मला तुम्हाला न्यायचंही नाही. तुम्ही या. आठ दिवस या. तुमच्या डोक्याला, गुडघ्याला, रक्तदाबाला काहीही झालेलं नसताना या.

मला बाबा हवे आहेत. दुसरं काही कारण नाही.

बेबी


४ एप्रिल

बेबी,

पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून मुद्द्याचंच. गुरुवारी सकाळच्या बसने निघतो, दुपारी तीनला पोचतो. बारा दिवस राहीन. तेराव्या दिवशी इथे बाईंच्या दुकानाच्या दोन खिडक्या बसवायच्या आहेत, तिने आत्ताच डोळे वटारले आहेत. तुझी वहिनी केक देणार आहे. तो बसमध्येच संपवायचा माझा विचार होता, पण ती डब्याला दोन ठिकाणी दोरी बांधणार आहे आणि गाठी मोजून ठेवणार आहे. जास्तीचे सहा पलंगपोस बांधून ठेव, बाईंना त्यांचं काय करायचं ते कळेल. तू विणलेला माझा मफलर पाहून तिचं म्हणणं, इतका एकसारखा टाका असलेल्या बाईला करमत नसेल तर तो तिचा दोष नाही, गावाचा आहे.

स्टँडवर न्यायला येऊ नकोस. पत्ता आहे, तोंड आहे, विचारत येईन.

आलीस तर चालेल.

बाबा